परदेशप्रवास आणि विजेचा प्लग

प्रास्ताविक

परदेशप्रवासाची तयारी म्हटली की पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, परकीय चलन, औषधे या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. विजेच्या प्लगचा विचार मात्र बहुतेकांना तेथे पोहोचल्यावरच सुचतो. मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते, ज्यांच्याकडे उतरायचे त्यांचा पत्ता त्यातच नोंदवलेला असतो, आणि भिंतीवरच्या सॉकेटची छिद्रे आपल्या प्लगशी जुळत नाहीत! तिकीट, नकाशा, पैसे आणि आप्तेष्टांशी संपर्क हे सारे आज एका मोबाइलमध्ये सामावले असल्यामुळे ही अडचण किरकोळ राहिलेली नाही.

नोकरीसाठी आखाती देशांत जाणारे तंत्रज्ञ आणि परिचारिका, उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, जहाजावर रुजू होण्यासाठी परदेशी बंदर गाठणारे खलाशी, मुलांना भेटण्यासाठी अमेरिकेला निघालेले वृद्ध आईवडील अशा सर्वांनाच तिला तोंड द्यावे लागते. तुमच्यापैकी कित्येकांवरही उद्या हा प्रसंग येऊ शकेल. देशोदेशींचे प्लग वेगळे का, कोणते उपकरण कोठे चालते आणि विमानात बॅटरी नेताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला —
• प्लगचा आकार आणि विजेचा दाब या दोन भिन्न गोष्टी आहेत हे स्पष्ट करता येईल;
• उपकरणावरील माहिती वाचून ते परदेशात चालेल की नाही हे ठरवता येईल;
• निरनिराळ्या देशांत निरनिराळे प्लग का रूढ झाले याची कारणे सांगता येतील;
• बॅटरीची वॉट-तासांतील क्षमता काढता येईल.

मूलपाठ

एक शब्द, तीन वस्तू

‘ॲडाप्टर’ हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे. परंतु या एकाच शब्दाने आपण निदान तीन वेगवेगळ्या वस्तूंचा निर्देश करतो, आणि प्रवाशाच्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

पहिली वस्तू म्हणजे प्लगचा आकार बदलणारा लहानसा ठोकळा. त्याच्या एका बाजूला आपल्या प्लगसाठी छिद्रे असतात आणि दुसऱ्या बाजूला परदेशी सॉकेटमध्ये बसतील अशा पिना असतात. आत धातूच्या पट्ट्यांखेरीज फारसे काही नसते. भिंतीतून जी वीज येते तीच, काहीही बदल न होता, आपल्या उपकरणापर्यंत पोहोचते. दुसरी वस्तू म्हणजे लॅपटॉपच्या तारेला जोडलेली काळी विटेसारखी पेटी किंवा मोबाइलचा चार्जर. ही वस्तू भिंतीतील विजेचे रूप बदलून उपकरणाला हवी तशी वीज पुरवते. तिसरी वस्तू म्हणजे विजेचा दाब वाढवणारे किंवा कमी करणारे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. दुकानांत त्याला ‘कन्व्हर्टर’ असेही म्हणतात.

ग्राहक दुकानात जाऊन ‘अमेरिकेसाठी ॲडाप्टर द्या’ असे म्हणतो, दुकानदार पहिली वस्तू देतो, आणि ग्राहक मात्र तिसरी वस्तू मिळाली अशा समजुतीने घरी येतो. प्लग भिंतीत नीट बसतो, म्हणून उपकरणही नीट चालणार असे त्याला वाटते. ही समजूत घातक ठरू शकते. म्हणून या पाठात आपण पहिल्या वस्तूला ‘प्रवासी ॲडाप्टर’, दुसरीला ‘चार्जर’ आणि तिसरीला ‘रोहित्र’ असे म्हणू. तसेच प्रत्येक उपकरणाच्या बाबतीत दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारू : प्लग बसेल का? आणि उपकरण चालेल का?

दाब आणि वारंवारता

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला पाण्याचा जोर अधिक. विजेच्या दाबाचेही साधारणतः असेच आहे. हा दाब व्होल्ट या एककात मोजतात. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. ब्रिटन, युरोपातील इतर बहुतेक देश, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया येथेही तो २३० व्होल्टच आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे मात्र तो १२० व्होल्ट, म्हणजे आपल्या जवळजवळ निम्मा आहे. जपानमध्ये तो त्याहूनही कमी, १०० व्होल्ट आहे.

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे ती आपली दिशा सतत बदलत असते. दिशाबदलाची अशी आवर्तने एका सेकंदात जितकी होतात, त्या संख्येला वारंवारता म्हणतात. ती हर्ट्झ या एककात सांगतात. भारतात ती ५० हर्ट्झ, तर अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे. चार्जरसारख्या उपकरणांना या फरकाने बाधा येत नाही. पण विजेच्या वारंवारतेवर चालणारे जुन्या पद्धतीचे घड्याळ ५० हर्ट्झसाठी बनवलेले असेल, तर ६० हर्ट्झवर ते तासाला १२ मिनिटे पुढे जाईल.

दाबातील फरकाचा परिणाम याहून गंभीर असतो. पाणी तापवण्याचा रॉड, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र अशा तापणाऱ्या उपकरणांत विजेला होणारा रोध जवळपास ठरावीक असतो. अशा वेळी खर्च होणारी विद्युतशक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब दुप्पट झाला, तर शक्ती चौपट होते. आता अमेरिकेत विकत घेतलेले १२० व्होल्टचे आणि १००० वॉटचे केस वाळवण्याचे यंत्र कोणी भारतात आणून २३० व्होल्टवर लावले, तर ते साडेतीन पटींहून अधिक, म्हणजे सुमारे ३७०० वॉट शक्ती खेचू लागेल. काही क्षणांतच ते जळेल. आगही लागू शकेल. उलट, आपल्याकडील १००० वॉटचा रॉड अमेरिकेत लावला तर त्याची शक्ती अवघी २७० वॉटच्या आसपास राहील. धोका नाही, पण पाणीही तापणार नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात मिक्सर असतोच असतो. ओले खोबरे, भिजवलेली डाळ, चटणी यांसाठी आपल्या मिक्सरइतके सोयीचे दुसरे काही नाही, हे खरे. परंतु २३० व्होल्टचा मिक्सर १२० व्होल्टवर पुरेशा जोराने फिरत नाही. ओल्या वाटपाचा भार पडताच त्याची गती मंदावते, तो अडकतो आणि त्याची मोटर तापते. प्रवासी ॲडाप्टरने प्लग बसला तरी काम होत नाही ते यामुळे. ७५० वॉटचा मिक्सर तेथे चालवायचा तर त्याहून अधिक क्षमतेचे रोहित्र हवे, आणि ते चांगलेच जड असते. त्यापेक्षा ११० ते १२० व्होल्टवर चालणारा भारतीय पद्धतीचा मिक्सर घेणे श्रेयस्कर. असे मिक्सर भारतातही मिळतात आणि अमेरिकेतील भारतीय दुकानांतही मिळतात.

रोहित्राबाबत आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. वजनाने अगदी हलके, पण हजार-दीड हजार वॉटचे असे सांगून विकले जाणारे काही कन्व्हर्टर फक्त तापणाऱ्या उपकरणांसाठी असतात. ते विजेची लहर छाटून तिचा प्रभाव कमी करतात. लॅपटॉप, संगणक किंवा वैद्यकीय यंत्रे त्यांच्यावर लावू नयेत.

चार्जरवरील एक ओळ

मग मोबाइलचा चार्जर अमेरिकेत आणि भारतात सारखाच कसा चालतो? याचे उत्तर चार्जरच्या रचनेत आहे. आधुनिक चार्जर भिंतीतून येणारी प्रत्यावर्ती वीज प्रथम दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी करतो. नंतर आतील इलेक्ट्रॉनिक स्विच ती एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करतो. अशी वीज एका चिमुकल्या रोहित्रातून जाऊन कमी दाबाची होते आणि पुन्हा दिष्ट होऊन मोबाइलला मिळते. बाहेर पडणारा दाब योग्य आहे की नाही यावर चार्जरमधील मंडल सतत लक्ष ठेवते. भिंतीतील दाब कमी असला तर स्विच अधिक काळ चालू राहतो, जास्त असला तर कमी काळ. त्यामुळे आत येणारी वीज १०० व्होल्टची असो वा २४० व्होल्टची, बाहेर पडणारा दाब ठरलेलाच राहतो.

हे सामर्थ्य आपल्या चार्जरमध्ये आहे की नाही, हे त्याच्यावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘इनपुट’ या इंग्रजी शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे आकडे असतील, तर तो चार्जर जगात जवळजवळ कोठेही चालेल. त्याला केवळ योग्य आकाराचा प्रवासी ॲडाप्टर लागेल. तेथे फक्त २३० किंवा २२० ते २४० व्होल्ट असे आकडे असतील, तर ते उपकरण अमेरिकेत वा जपानमध्ये रोहित्राशिवाय चालणार नाही. मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेरा यांचे बहुतेक चार्जर पहिल्या प्रकारचे असतात. मिक्सर, इस्त्री आणि रॉड सामान्यतः दुसऱ्या प्रकारचे. तथापि अंदाजावर विसंबू नये. ही एक ओळ वाचण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

वैद्यकीय यंत्रांच्या बाबतीत तर ती वाचणे अनिवार्य आहे. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर वापरले जाणारे ‘सीपॅप’ यंत्र किंवा दम्याच्या रुग्णाचा नेब्युलायझर परदेशात पहिल्याच रात्री बंद पडला, तर प्रश्न सोयीचा नसतो, रुग्णाच्या प्रकृतीचा असतो. सीपॅप यंत्रांचे चार्जर पुष्कळदा १०० ते २४० व्होल्टचे असतात, परंतु घरगुती नेब्युलायझर बहुधा एकाच दाबासाठी बनवलेले असतात. एवढेच नव्हे, तर त्यांतील मोटरला वारंवारतेतील फरकही बाधू शकतो. म्हणून यंत्रावरील आकडे वाचून, शंका असल्यास ते पुरवणाऱ्या दुकानदाराला विचारून, प्रवासाच्या पुष्कळ आधी पर्यायी व्यवस्था करावी.

प्लगचे प्रकार इतके का?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जगात रूढ असलेल्या प्लग-सॉकेटचे ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत पंधरा प्रकार सांगितले जातात. एकाच कामासाठी इतके प्रकार का असावेत?

याचे उत्तर विजेच्या इतिहासात आहे. १८८२ मध्ये टॉमस एडिसन यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून ग्राहकांना वीज देण्यास आरंभ केला. ती सुमारे ११० व्होल्टची होती आणि मुख्यतः दिव्यांसाठी होती. पुढे प्रत्यावर्ती वीज आली, तरी तेथील दाब त्याच्याच आसपास राहिला. बर्लिनमधील वीजकंपनीने मात्र १८९९ पासून दाब दुप्पट करून २२० व्होल्टकडे वाटचाल केली. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात वाहून नेता येते, तारा बारीक चालतात आणि तांब्याची बचत होते. युरोपात पुढे हाच मार्ग रूढ झाला.

आरंभी घरात वीज येई ती दिव्यापुरती. इतर उपकरण चालवायचे असल्यास त्याची तार दिव्याच्या होल्डरमध्ये बसवावी लागे. १९०४ मध्ये अमेरिकेतील हार्वी हबेल यांनी काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट मिळवले. त्यानंतर देशोदेशीच्या उत्पादकांनी आपापल्या सोयीने निरनिराळे आकार तयार केले. प्लग घेऊन कोणी परदेशी जाईल, अशी कल्पनाही त्या काळी नव्हती.

आपला तीन गोल पिनांचा प्लग ब्रिटिश अमदानीत आला. तो ‘बीएस ५४६’ या १९३४ च्या ब्रिटिश मानकावरून घेतलेला आहे. विशेष असे, की खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये ‘बीएस १३६३’ हे नवे मानक स्वीकारले आणि तीन चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग प्रचारात आणला. पुढे तेथील घरांतून जुना प्लग हळूहळू मागे पडला. भारतात मात्र तोच रुळलेला राहिला. दिवे, पंखे आणि लॅपटॉप यांसाठी लहान प्लग आणि गीझर, वातानुकूलन यंत्र यांसाठी मोठा प्लग अशी त्याची दोन रूपे आपल्या घरांत दिसतात. म्हणूनच भारतीय प्रवाशाला आज लंडनमध्येही प्रवासी ॲडाप्टर लागतो.

सर्व जगासाठी एकच प्लग करण्याचा प्रयत्नही झाला. विद्युत क्षेत्रातील मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाची स्थापना १९०६ मध्ये झाली. या आयोगाने १९८६ मध्ये एक समान प्लग सुचवला. परंतु तोवर प्रत्येक देशातील घरोघरच्या भिंतींत कोट्यवधी सॉकेटे बसलेली होती. ती बदलण्याचा खर्च कोण करणार? ब्राझीलने या मानकावर आधारलेला प्लग स्वीकारला आणि दक्षिण आफ्रिकेनेही आपल्या मानकांत त्याला स्थान दिले. इतरत्र मात्र जुनेच चालू राहिले.

ब्राझीलचे उदाहरण आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे सॉकेटचा आकार एकच असला, तरी रिओ दि जानेरोत दाब १२७ व्होल्ट, तर राजधानी ब्राझिलियात २२० व्होल्ट आहे. जपानमध्येही असाच प्रकार आढळतो. टोकियोच्या वीजकंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रे आणली आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून ६० हर्ट्झची. आजही पूर्व जपानमध्ये ५० आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्झची वीज आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तीव्र तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेकडील वीज तिकडे नेण्याची क्षमता केवळ १००० मेगावॉटच्या आसपास होती. कारण वाटेत तिची वारंवारता बदलावी लागे. प्लगचा आकार विजेविषयी सर्व काही सांगत नाही, हे या दोन्ही देशांवरून स्पष्ट होते.

कोठे काय चालते?

भारतीय प्रवाशाला उपयोगी पडेल अशी काही देशांची माहिती पुढे दिली आहे.

• ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ‘जी’ प्रकार, तीन चपट्या पिना.
• जर्मनी, फ्रान्स : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ; अनुक्रमे ‘एफ’ आणि ‘ई’ प्रकार. दोन बारीक गोल पिनांचा ‘सी’ प्लग दोन्हींत बसतो.
• मॉरिशस : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ‘सी’ आणि ‘जी’ प्रकार.
• इस्राएल : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ‘एच’ प्रकार, ‘सी’ प्लगही बसतो.
• ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ‘आय’ प्रकार, तिरप्या चपट्या पिना.
• अमेरिका, कॅनडा : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ‘ए’ आणि ‘बी’ प्रकार, समांतर चपट्या पिना.
• जपान : १०० व्होल्ट, पूर्वेस ५० व पश्चिमेस ६० हर्ट्झ, मुख्यतः ‘ए’ प्रकार.

मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा जुना समाज आहे, तर कोकणातून इस्राएलला स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजाने मराठीशी नाते टिकवले आहे. या दोन्ही देशांत जाणाऱ्या आप्तांना दाबाची चिंता नाही. त्यांचा प्रश्न केवळ आकाराचा आहे. अमेरिकेला जाणाऱ्यांना मात्र आकार आणि दाब या दोन्हींचा विचार करावा लागतो.

आपल्या मोबाइलच्या चार्जरला पुष्कळदा ‘सी’ प्रकाराच्या दोन गोल पिना असतात. असा चार्जर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला तसाच बसतो. दुबई किंवा लंडनला तो बसत नाही. तेथील सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांवर आतून झडपा असतात. प्लगची वरची, इतर दोहोंपेक्षा लांब असलेली अर्थिंगची पीन आत शिरली की त्या उघडतात. मुलांनी छिद्रात बोट वा तार घालू नये म्हणून केलेली ही योजना आहे. काही प्रवासी वरच्या छिद्रात पेन किंवा काडी खुपसून झडपा उघडतात आणि दोन पिनांचा प्लग दाबून बसवतात. हे सर्वथा चुकीचे आहे. असा प्लग सैल राहतो, त्याच्या सांध्याशी उष्णता निर्माण होते आणि झडपांचे संरक्षणही नष्ट होते.

अर्थिंगचेही असेच आहे. धातूचे आवरण असलेल्या काही उपकरणांना तीन पिनांचा प्लग दिलेला असतो, कारण आत बिघाड झाल्यास आवरणात उतरलेली वीज तिसऱ्या पिनेवाटे जमिनीकडे जावी. दोनच पिनांचा प्रवासी ॲडाप्टर वापरला, तर हा मार्ग बंद होतो. तीन पिनांच्या प्लगसाठी अर्थिंग असलेलाच ॲडाप्टर घ्यावा. एका ॲडाप्टरवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी उतरंड कधीही रचू नये. लॅपटॉपच्या पेटीपासून भिंतीकडे जाणारी तार बहुधा सुटी करता येते. परदेशी दीर्घकाळ राहायचे असल्यास तेथील प्लग असलेली तेवढीच तार विकत घेणे सर्वांत सुरक्षित.

विमानात

दूरच्या प्रवासाच्या अनेक विमानांत आसनाजवळ सॉकेट असते. विमानाच्या स्वतःच्या यंत्रणेतील वीज पुष्कळदा ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झची असते. वारंवारता जास्त असली की रोहित्रे आणि मोटरी आकाराने लहान व वजनाने हलक्या करता येतात, आणि विमानात वजन कमी ठेवणे महत्त्वाचे असते. प्रवाशाच्या सॉकेटपर्यंत ही वीज बदलून, बहुधा ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ अशा रूपात येते. तिची शक्ती मर्यादित असते. मोबाइल आणि लॅपटॉप यांसाठीच ती वापरावी; तापणारी उपकरणे लावू नयेत. प्रत्येक आसनाशी सॉकेट असेलच, किंवा असल्यास ते चालू असेलच, असे नाही. प्रवासात सीपॅप यंत्र लागणार असेल, तर विमानकंपनीला आगाऊ कळवून तिची अनुमती घ्यावी आणि यंत्रास योग्य अशी बॅटरी जवळ ठेवावी.

सॉकेट न मिळाल्यास उपयोगी पडते ती पॉवर बँक. तिच्यात लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी दबली, तिच्या आतील दोन ध्रुवांचा परस्परांशी थेट संपर्क झाला किंवा ती फार तापली, तर आतील रासायनिक क्रिया स्वतःच वेग घेते. उष्णतेने क्रिया वाढते आणि क्रियेने उष्णता. अशी आग केबिनमध्ये लागली तर कर्मचाऱ्यांच्या चटकन लक्षात येते व ती विझवता येते. सामानाच्या कक्षात ती दिसणार कोणाला? म्हणूनच पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानतळावर सोपवण्याच्या मोठ्या बॅगेत ठेवण्यास मनाई आहे. त्या हातातील सामानातच न्याव्या लागतात.

बॅटरीच्या क्षमतेवरही मर्यादा आहे. ती वॉट-तासांत मोजतात. सामान्यतः १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० वॉट-तासांच्या सुट्या बॅटरीसाठी विमानकंपनीची अनुमती लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्याहून मोठ्या बॅटरीला बंदी आहे. पॉवर बँकेवर क्षमता बहुधा मिलिॲम्पिअर-तासांत छापलेली असते. तिला १००० ने भागून बॅटरीच्या दाबाने, म्हणजे सामान्यतः ३.७ व्होल्टने, गुणले की वॉट-तास मिळतात. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या पॉवर बँकेचे उत्तर २० × ३.७ = ७४ वॉट-तास असे येते. ती चालेल. ३०,००० ची मात्र १११ वॉट-तासांची होते. तिला अनुमती लागेल.

हे नियम विनाकारण केलेले नाहीत. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एका प्रवासी विमानात आसनांच्या वरच्या सामानकप्प्याच्या भागात आग लागली. प्रवाशांना आपत्कालीन मार्गांनी बाहेर काढण्यात आले, म्हणून प्राणहानी टळली. पॉवर बँकेतील बिघाड हे आगीचे संभाव्य कारण असल्याचे तपासातून पुढे आले. त्यानंतर त्या देशाने मार्च २०२५ पासून पॉवर बँका वरच्या कप्प्यात ठेवण्यास बंदी केली. अनेक विमानकंपन्यांनी विमानात पॉवर बँकेने उपकरणे चार्ज करण्यासही मनाई केली आहे. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विमानकंपनीचे नियम पाहावेत. बॅटरी तापू लागली, फुगली किंवा तिला वास येऊ लागला, तर ती लपवू नये. तत्काळ कर्मचाऱ्यांना सांगावे.

एकसारखेपणाकडे

भिंतीतील सॉकेट बदलणे जगाला जमले नाही. परंतु चार्जरच्या दुसऱ्या टोकाशी मात्र बदल घडला आहे. १९९६ मध्ये संगणकासाठी तयार झालेली ‘यूएसबी’ जोडणी हळूहळू चार्जिंगचीही जोडणी झाली. २०१४ मध्ये तिचे ‘टाइप-सी’ हे रूप आले. त्याचा प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो. यातील विशेष असा, की चार्जर आणि उपकरण प्रथम परस्परांशी संकेतांची देवाणघेवाण करतात, आणि किती दाब हवा हे ठरल्यावरच चार्जर तो वाढवतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल व टॅबलेटसाठी ही जोडणी सक्तीची केली, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीसाठी भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे. भिंतीच्या बाजूला सॉकेटनिहाय प्रवासी ॲडाप्टर आणि उपकरणाच्या बाजूला एकच तार, अशी सुटसुटीत व्यवस्था त्यामुळे शक्य झाली आहे.

तरीही मूळ तत्त्व बदललेले नाही. प्लग छिद्रात बसणे ही केवळ आकाराची जुळणी आहे. उपकरण सुरक्षितपणे चालणे ही दाबाची, वारंवारतेची आणि शक्तीची जुळणी आहे. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी वाचावी लागते. बॅग भरताना प्रत्येक उपकरण उलटे करून त्यावरील ती बारीक ओळ वाचावी, आणि त्यानंतरच ते सोबत न्यायचे की घरी ठेवायचे हे ठरवावे.

स्वाध्याय

१. प्रवासी ॲडाप्टर, चार्जर आणि रोहित्र यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
२. भारतातील मिक्सर अमेरिकेत प्रवासी ॲडाप्टर लावूनही नीट का चालत नाही?
३. ‘प्लगचा आकार विजेविषयी सर्व काही सांगत नाही.’ ब्राझील व जपान यांच्या उदाहरणांनी हे विधान स्पष्ट करा.
४. २५,००० मिलिॲम्पिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असलेल्या पॉवर बँकेची क्षमता वॉट-तासांत काढा. ती अनुमतीशिवाय नेता येईल का?
५. तुमच्या घरातील तीन उपकरणांवरील ‘इनपुट’ची माहिती वहीत उतरवा आणि त्यांपैकी कोणती जपानमध्ये चालतील ते सकारण सांगा.
६. परदेशी प्रथमच निघालेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांना विजेच्या उपकरणांविषयी सूचना देणारे पत्र सुमारे पंधरा ओळींत लिहा.